शौक गाडीचा, किल्ली कुणाच्या खिशात?



मेळ्याचे दिवस आले की आपल्या घरांतून गाडीची चर्चा सुरू होते. ज्या वर्षी शासन ग्वाल्हेर मेळ्यात रोड टॅक्सवर ५० टक्के सूट जाहीर करतं, त्या वर्षी तर दारात चांगली गाडी उभी असली तरी लोक नवी बघायला निघतात. गाडी जितकी महाग तितकी सूट मोठी, त्यामुळे महागड्या गाड्यांपुढेही गर्दी असते. शौक असणं वाईट नाही. चांगलं मशीन आवडणं हे तर मला चांगलंच लक्षण वाटतं. आमच्या मुलांना पाढे येवोत न येवोत, कुठल्या गाडीचं इंजिन किती सीसीचं हे मात्र तोंडपाठ असतं! पण गाडी घरात आल्यावर तिची किल्ली कुणाच्या खिशात राहणार, हे कुणी शोरूममध्ये विचारत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेनं दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला. दोघंही आपल्या मध्य प्रदेशातली, नोकरीसाठी पुण्याला गेलेली. आपल्या नया बाजारातूनही कितीतरी मुलं पुण्यात आहेत, म्हणून त्या दिवशी इथल्या घराघरांतून फोन गेले असतील. मुलाला काही तासांतच जामीन मिळाला आणि अटींमध्ये एक होती, अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणे. लोकांचा संताप झाल्यावर बाल न्याय मंडळानं आदेश बदलला. मी इतकी वर्षं निबंध तपासत आलो आहे. ३०० शब्द आमचा आठवीचा मुलगा एका तासिकेत लिहितो आणि मधल्या सुट्टीत विसरतो.

मला त्याहून जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. गाडी कोटीच्या वरची, आणि तिचं पक्कं रजिस्ट्रेशन १,७५८ रुपये फी न भरल्यामुळे राहिलेलं. एवढी मोठी खरेदी करणाऱ्या घरात कागदांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि किल्लीकडेही नव्हतं.

कायदा आता स्पष्ट आहे. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "आमचा मुलगा छान चालवतो हो" हे वाक्य तिथे उपयोगी पडत नाही.

ज्यांचं वय आहे, कमाई आहे, त्यांनी खुशाल स्पोर्ट्स कार घ्यावी. फक्त किंमत बघून हिशेब करू नये. विमा, टायर, ब्रेक पॅड आणि सर्व्हिस यांचा वर्षाचा खर्च आधी विचारावा. गाडी जमिनीपासून किती उंच आहे तेही बघावं, कारण आपल्याकडचे स्पीडब्रेकर कुणाची श्रीमंती बघत नाहीत. अशी गाडी चार-पाच सेकंदांत ताशी १०० चा वेग गाठते, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. नया बाजारात ती ई-रिक्शाच्या मागेच चालणार. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे नववी-दहावीच्या विज्ञानात आम्ही शिकवतो.

गाडीत फेरबदल करण्याचंही वेड आहे. सीट कव्हर, म्युझिक ठीक. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी. पण कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. इंजिनाची ताकद वाढवून विमा कंपनीला कळवलं नाही, तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे फटाके वाजवणारा सायलेन्सर. त्यानं बुलेट काही जास्त पळत नाही, फक्त शेजारचे आजोबा दचकतात. खर्च करायचाच असेल तर चांगल्या टायरांवर आणि ब्रेकवर करावा.

वेगाची हौस असेल तर त्यासाठी जागा आहेत. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, आग्र्याहून यमुना एक्सप्रेसवेच्या वाटेवरच आहे. लहान वयात कार्टिंग शिकता येतं, हेल्मेट घालून, प्रशिक्षकाच्या देखरेखीत. खरे रेसरसुद्धा तिथूनच सुरुवात करतात.

आता शाळेपुरतं. अकरावी-बारावीची काही मुलं गाडी शाळेबाहेर, दुसऱ्या गल्लीत उभी करून पायी येतात, हे आम्हाला माहीत आहे. पुढच्या सोमवारपासून अशी गाडी दिसली तर मुलाला काही बोलणार नाही, पालकांना बोलावून किल्ली त्यांच्या हातात देऊ. सायकल स्टँडवर जागा भरपूर आहे.