गिधाडांचा हिशेब

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजे असतात, तह असतात, दुष्काळही असतात. गिधाड मात्र नसते. वास्तविक १९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. आमच्या हयातीत घडलेला हा इतिहास वर्गात शिकविला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी ही घट नोंदविली. प्रारंभी संशय साथीच्या रोगावर गेला. पुढे पाकिस्तानातील मृत गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली खरे कारण सिद्ध केले. ते होते डायक्लोफेनॅक, गुरांची वेदना व सूज कमी करणारे स्वस्त औषध. ते दिल्यानंतर लवकरच जनावर दगावले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत, युरिक आम्ल आतील अवयवांवर पांढऱ्या थरासारखे साचे आणि काही दिवसांत पक्षी मरे. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ साली बाटलीवर ३ मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली.

येथे कोणी दुष्ट नव्हता. शेतकऱ्याने बैलाचे दुःख पाहूनच औषध दिले. परंतु करुणेला प्रज्ञेची जोड नसेल तर काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

गिधाडे गेली आणि मेलेली जनावरे उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या जिल्ह्यांतील मृत्यूदराची इतर जिल्ह्यांशी तुलना केली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. पक्षी मेले तेव्हा समाज जागा झाला नाही. माणसांचा हिशेब लागायला वीस वर्षे गेली.

हा विलंब का झाला? आमच्या मते त्याचे एक कारण जातिव्यवस्थेत आहे. मेलेले ढोर ही गावाबाहेरची बाब, ते ओढणारा माणूसही गावाबाहेरचा. ज्याला शिवायचे नाही, त्याला विचारायचे तरी कशाला? ढोरफाडीच्या जागेवर रोज वावरणाऱ्या, कातडी आणि हाडे गोळा करणाऱ्या माणसांइतके गिधाडांजवळ कोण होते? तरीही ज्ञानाच्या दरबारात त्यांची साक्ष कोणी मागितली नाही.

यावर आमचेच काही बांधव म्हणतील, “१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले; आता त्या घाणीकडे पुन्हा कशाला पाहायचे?” प्रश्न रास्त आहे. परंतु बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लादलेली लाचारी. निरीक्षण, चिकित्सा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क सोडायला त्यांनी कधीच सांगितले नाही. ज्यांच्या आजोबांनी ते ओझे खांद्यावर वाहिले, त्यांच्या नातवंडांनी हाती सूक्ष्मदर्शक घेऊन त्याच प्रश्नाकडे पाहणे, यात परत जाणे नाही, पुढे जाणे आहे.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. प्रदूषणाचे कोणतेही सर्वेक्षण असो, त्या पाण्यात, त्या कचऱ्यात आणि त्या कातड्यात ज्यांचे हात बुडालेले असतात, त्यांना प्रथम विचारावे. आणि आपल्यासारख्या प्रत्येक निवासी शाळेने परिसरातील पक्षी, मेलेली जनावरे व पाण्याचे साठे यांची नोंदवही ठेवावी. वसतिगृहातील मुले ती वर्षानुवर्षे भरीत गेली, तर पुढच्या संकटाची पहिली नोंद कदाचित आपल्याच विद्यार्थ्याच्या अक्षरात असेल.