विंचू उतरवणारे आजोबा

आमचे आजोबा विंचू उतरवायचे. पुसेगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पार नर्सीकडूनही माणसं यायची. रात्री-अपरात्री दारात बैलगाडी उभी राहायची. आजोबा हातपाय धुऊन बसत, लिंबाचा डहाळा वरून खाली फिरवत ओठांतल्या ओठांत पुटपुटत, आणि दोनेक तासांत माणूस आपल्या पायानं घरी जाई. पैसा घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही. घेतला तर मंत्र जातो म्हणत.

यंदाच्या दिवाळीत मोठे काका म्हणाले, "येत्या गिऱ्हानात मंत्र घे तू. माझ्यामागं घरातून जाईल ही विद्या." मी नाही म्हणालो. काका तेव्हापासून बोलत नाहीत. म्हणून इथे लिहितोय, धाकटी काकू वाचतेच, ती त्यांना वाचून दाखवेल :)

आजोबा लबाड नव्हते, हे आधीच सांगतो. आमच्याकडे कडब्याच्या गंजीत, दगडाखाली निघते ती बऱ्याचदा काळी इंगळी. ठणका असा की माणूस गडाबडा लोळतो, पण काही तासांनी तो आपोआप ओसरतो. मंत्र म्हणा, हळद लावा, नाहीतर नुसते बसून राहा. श्रेय मात्र शेवटी जे केलं त्याला! हे आपल्याच खेड्यातलं खूळ आहे असंही नाही. युरोपातले डॉक्टर शतकानुशतकं रोग्याचं रक्त काढत आले, कारण त्यानंतर बरेच जण बरे होत. पॅरिसच्या पिएर लुई यांनी १८३० च्या दशकात न्युमोनियाचे रोगी चक्क मोजले, तेव्हा कळलं की रक्त काढून फारसं काही साधत नाही.

घात करतो तो लाल विंचू. त्याच्या विषानं दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. नुसताच भयंकर ठणका असेल आणि बाकी काही नसेल, तर बहुधा जिवाला धोका नसतो. म्हणजे जो ओरडतोय तो बहुधा वाचणारा, आणि जो घामानं भिजून गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघायचं. आजोबांचा सगळा हिशेब ठणक्याचा होता.

हे नीट टिपलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी. मूळचे जालना जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या मराठवाड्याचेच. १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचवाच्या रुग्णांपाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब, सगळं लिहून ठेवलं. १९८२ मध्ये ही लक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी तिथेच प्राझोसिनबद्दल लिहिलं. रक्तदाबाची गोळी हो, साधी! पूर्वी शंभरातले तीसेक दगावत, ते प्रमाण चारच्या खाली आलं. गोळीच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मला राहून राहून वाटतं, जागत आजोबाही बसायचे. वही तेवढी नव्हती.

आणि एक गोष्ट काकांनाही ठाऊक आहे, पण घरात कुणी काढत नाही. आजीनं मला सांगितली होती. वस्तीवरचं एक सहा-सात वर्षांचं पोरगं आणलं होतं. रडत नव्हतं, अंग गार, अंगरखा घामानं ओला. आजोबांनी दोन तास डहाळा फिरवला. "उतरला," म्हणाले. आईबापानं पाया पडून पोराला नेलं. पहाटे ते गेलं. आजोबा म्हणाले, त्याची वेळ भरली होती. उतरवलेल्या विंचवांची मोजदाद घरात अजून अभिमानानं होते, त्यात ते पोरगं धरलेलं नाही.

काका, मंत्राला माझी ना नाही. माणूस घाबरलेला असतो, कुणी हात धरून पुटपुटलं तर त्याला धीर येतो, हे मीही पाहिलंय. पण आता कुणी दारात आलं तर आधी गाडीत घालायचं. डहाळा घेऊन तुम्ही मागं बसा, हिंगोली येईपर्यंत फिरवा. गाडी मी चालवतो.