मावशीची पाव गोळी

धारच्या मावशीचा फोन आला की आधी बेळगावचा भाजीबाजार, मग पाऊस, मग औषधं, असा क्रम ठरलेला. गेल्या पावसाळ्यात तो मोडला. फोन तिच्या मुलाचा होता. "दादा, आईला फिट आली. ॲडमिट केलंय."

मावशी लग्न होऊन धारला गेली त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. पवारांचं संस्थान, त्यामुळं मराठी घरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कानडी मात्र कानावर पडत नाही, म्हणून माझ्याशी बोलताना ती मुद्दाम "साकु", "सुम्मनिरु" असे शब्द पेरते. झोपेची गोळी ती अकरा वर्षं घेत होती. देवळात कुणी तरी सांगितलं, या गोळीची सवय लागते, टाकून द्या. मावशी करारी बाई, त्याच रात्री टाकली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, हातातली कपबशी खडखडायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी ओट्यापाशीच कोसळली.

मी गेलो तेव्हा घरी आली होती. पहिला प्रश्न हाच, "वाईट गोळी सोडणं चांगलंच ना रे? मग असं का झालं?"

मी मानसशास्त्र शिकवतो, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न आमच्या वर्गातलाच होता.

"मावशी, देवासच्या दोन पात्या ठाऊक आहेत ना?"

ती हसली. धारच्या सुनेला देवासचं पवार घराणं सांगायचं म्हणजे बेळगावकराला कुंदा सांगणं! तुकोजी आणि जिवाजी हे सख्खे भाऊ. 18 व्या शतकात एकाच गावात दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. 1948 मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाल्या, तोवर एका गावाला दोन राजे होते.

मेंदूचंही तसंच आहे. एका पेशीकडून दुसरीला निरोप जातो तो रसायनामार्फत. ग्लुटामेट नावाचं रसायन सांगतं, "चल, पेटून ऊठ." गाबा सांगतं, "सुम्मनिरु." गंमत म्हणजे दोघं एकाच घरचे. ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा निघून गेला की त्याचाच गाबा होतो. गाबा पेशीवर जाऊन बसलं की तिची बारीक दारं उघडतात, ऋण भाराचे क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. आपण समजतो की शांत बसणं म्हणजे काहीच न करणं. मेंदूत मात्र शांत ठेवणं हे अखंड चाललेलं काम आहे. ते थांबलं तर एकीमुळं दुसरी, दुसरीमुळं तिसरी अशा पेशी एकदम पेटत जातात. फिट येते ती अशी.

मावशीच्या जातीच्या झोपेच्या गोळ्या गाबा तयार करत नाहीत, असलेल्या गाबाचा जोर वाढवतात. दारूही बऱ्याच अंशी हेच करते. वर्षानुवर्षं बाहेरून जोर मिळाला की मेंदू हिशेब जुळवतो, स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवतो. मग एका रात्रीत गोळी काढून घेतली तर उतारावर गाडीचं काय होणार? रोज भरपूर पिणारा माणूस शपथ घेऊन एकदम बाटली सोडतो आणि दोन दिवसांत फिट येऊन दवाखान्यात पोचतो, त्याचंही कारण हेच. शपथ चांगली, पण ती डॉक्टरांना सांगून घ्यावी.

परतताना इंदूरहून वाट वाकडी करून देवासला गेलो. आपल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, 1948 मध्ये क्षयानं पोखरलेली फुप्फुसं घेऊन या गावच्या कोरड्या हवेला आला. (काही मंडळींना ते पुण्याचेच वाटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.) डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. काही वर्षं अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले, आणि पुढं त्याच धुनांतून त्यांनी नवे राग बांधले. टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' हे त्यांचं घर पाहिलं. ते असे मुके पडून असतानाच, 1950 मध्ये, तिकडं अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स आणि इतरांना प्राण्यांच्या मेंदूत गाबा सापडलं. कुमारजींना स्ट्रेप्टोमायसिननं हात दिला. आयसोनियाझिड ही क्षयाची दुसरी मोठी गोळी 1952 मध्ये आली, आणि तिची गाठ थेट गाबाशी पडते.

ग्लुटामेटचा गाबा करणाऱ्या यंत्राला बी-6 जीवनसत्त्व लागतं आणि आयसोनियाझिड नेमकं तेच कमी करतं. म्हणून डॉक्टर टीबीच्या औषधाबरोबर बऱ्याचदा बी-6 ची छोटी गोळी लिहून देतात. रोजच्या डोसात तिचं मुख्य काम हातापायांची मुंग्या-आग टाळणं. पण कुणी आयसोनियाझिडच्या गोळ्या भलत्याच संख्येनं गिळल्या, तर गाबा आटून न थांबणाऱ्या फिट येतात, आणि तेव्हा शिरेतून बी-6 च द्यावं लागतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डब्याच्या दुधावरच्या तान्ह्या मुलांना फिट येऊ लागल्या होत्या. दूध तापवताना त्यातलं बी-6 नष्ट झालं होतं.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी ही छोटी गोळी "ताकदीची, नसली तरी चालते" म्हणून महिनाभर कपाटातच राहिली. वडिलांचे तळवे जळायला लागले तेव्हा तो पाकीट घेऊन माझ्याकडं आला. मी त्याला तसाच दवाखान्यात धाडलं.

मावशीला तिथल्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि हप्त्याहप्त्यानं उतरवायचा तक्ता लिहून दिला. तो फ्रिजवर चिकटवलाय. आता फोनचा क्रम बदललाय, भाजीबाजाराच्या आधी गोळी येते. परवा म्हणाली, "पाव उरली रे. पण पावाचा अर्धा करायचा म्हणजे सुरीनं भुगाच होतो." डॉक्टरांना विचार म्हटलं, तर म्हणाली, "विचारलंय. तू सुम्मनिरु."