विकत घेतलेली तबकडी आणि तिची राखीव प्रत

उंद्रीसारख्या गावी दवाखाना चालविणाऱ्यास पावसाळ्यात चूर्णांना सुटणाऱ्या ओलीची चिंता असतेच. आमच्या बाबतीत तीत तबकड्यांची भर पडली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही नाडीपरीक्षेवरील व्याख्यानांच्या आठ सीडींचा संच रीतसर पावती घेऊन विकत घेतला. गेल्या वर्षी त्यांतील दोन उघडेनात. व्याख्याते वैद्य आज हयात नाहीत, विक्रेत्याकडे संच शिल्लक नाही. प्रत का काढून ठेवली नाही, असे घरी विचारले गेले. उत्तर एवढेच, की वेष्टनावर 'प्रत काढणे गुन्हा आहे' असे छापले होते आणि आम्ही भ्यालो.

ती भीती तेव्हा अगदीच अनाठायी नव्हती. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी उपयोगासाठीच्या वाजवी वापरास मुभा होती, परंतु ती ग्रंथ, संगीत, चित्र आदींपुरती. ध्वनिमुद्रण व चित्रफीत तीत नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने ती संगणक प्रणाली वगळता सर्व कृतींना लागू झाली, आणि अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणे हा हक्कभंग नव्हे, असे स्पष्टीकरणही जोडले गेले. 'वाजवी' म्हणजे किती, हे कायदा आकड्यांत सांगत नाही. तरीही स्वतः विकत घेतलेल्या व्याख्यानाची एक प्रत स्वतःच्याच कपाटात ठेवणे त्यात बसते, असे आमचे मत आहे. इंग्लंडमध्ये अशी स्पष्ट सवलत २०१४ मध्ये दिली गेली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. त्या मानाने आपला कायदा उदार म्हणावयाचा.

औषधालयचालक बंधूंचा प्रश्न निराळा आहे. बिलाच्या प्रणालीसाठी त्याच कलमात स्वतंत्र तरतूद आहे: नाश वा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून कायदेशीर धारकाने राखीव प्रत काढणे हक्कभंग ठरत नाही. साठ्याच्या व उधारीच्या नोंदी तर तुमच्याच. त्यांची प्रत घेण्यास कोणाची परवानगी नको. मात्र प्रणालीचे कुलूप तोडण्यापूर्वी कलम ६५ अ वाचावे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते तोडता येते. पण तोडून देणाऱ्याने मागणाऱ्याचे नाव, पत्ता व प्रयोजन नोंदवून ठेवावयाचे असते. विषद्रव्यांच्या नोंदवहीची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

आता कटू बोलणे भाग आहे. आमच्यातील कित्येक जण राखीव प्रत म्हणतात आणि वाटप करतात. एकाने संच घ्यावा व तालुकाभर पेन ड्राइव्ह फिरावा, याला 'वैयक्तिक' कसे म्हणावे? मूळ संच दुसऱ्यास देऊन प्रत आपल्याकडे ठेवणेही आम्हास गैर वाटते. चरक-सुश्रुतांच्या मूळ संहितांवर कोणाचाच स्वामित्वहक्क नाही, हे खरे. परंतु त्यांच्या आजच्या भाषांतरकाराचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

आपल्या संघटनेने यापुढे व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे विक्रीस काढल्यास वेष्टनावर 'खरेदीदारास एक राखीव प्रत ठेवण्याची मुभा आहे' एवढी ओळ छापावी, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे. उरलेल्या सहा तबकड्यांच्या प्रती आम्ही दिवाळीत काढल्या. तबकडी वाचणारे यंत्र मात्र चिखलीहून उसने आणावे लागले.