जिनिव्हाच्या प्रासादातील आपले आसन

जिनिव्हा नगरीत, सरोवराकडे उतरत जाणाऱ्या आरियाना उद्यानातील ज्या विस्तीर्ण प्रासादात आज संयुक्त राष्ट्रसंघाचे युरोपातील मुख्य कार्यालय आहे, तो ज्या राष्ट्रसंघासाठी उभारण्यात आला ती संस्था येथे वास्तव्यास आली तेव्हाच मरणपंथास लागलेली होती, ही गोष्ट पासपोर्ट दाखवून आणि सामानाची झडती देऊन आत शिरणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानी क्वचितच येते. १९२९ साली कोनशिला बसली आणि १९३६ मध्ये सचिवालयाचे दफ्तर येथे हलले; तोवर जपानने मांचुरिया बळकावला होता आणि अबिसीनियावर इटलीचे सैन्य चालून गेले होते. १९४६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रसंघाचे रीतसर विसर्जन झाले.

वाटाड्या हौसेने पुष्कळ सांगतो: उद्यानाचे दाते गुस्ताव्ह रेव्हिलियो आणि तेथील मोर, परिषदेच्या दालनात स्पॅनिश चित्रकार सेर्त यांनी रंगविलेली भव्य चित्रे, आणि स्थापत्याच्या स्पर्धेत आलेले ३७७ आराखडे, ज्यांतून पंचांना एक निवडता न आल्याने अखेर पाच वास्तुशिल्पज्ञांवर मिळून काम सोपवावे लागले. (सर्वांच्या संमतीने बांधलेली वास्तू किती समतोल आणि किती निर्जीव होऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर येथे अवश्य यावे.) परंतु भारतीय प्रवाशाने जो प्रश्न विचारावा, तो मात्र ध्वजांच्या रांगेपुढे छायाचित्रे काढण्याच्या घाईत राहूनच जातो: या घरात आपले स्थान काय होते?

पारतंत्र्यात असूनही भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, आणि त्याची वर्गणी अनेक स्वतंत्र राष्ट्रांहून अधिक होती. तथापि प्रतिनिधींच्या नेमणुकीवर लंडनमधील भारतमंत्र्यांची मुखत्यारी चाले, आणि शिष्टमंडळाचे नेतृत्व प्रथमच एका भारतीयाकडे, सर मुहम्मद हबीबुल्ला यांच्याकडे, आले ते १९२९ साली. त्याच साम्राज्यातील कॅनडा १९२७ मध्ये आणि आयर्लंड १९३० मध्ये परिषदेवर निवडून आले. भारताच्या वाट्याला परिषदेचे सदस्यत्व राष्ट्रसंघाच्या अखेरपर्यंत आले नाही. सनद आपल्या नावाची, वसूल आपल्याकडून आणि कबजा दुसऱ्याचा, असा तो व्यवहार होता. १९३७ साली भारताचे प्रतिनिधी आगाखान हे राष्ट्रसंघाच्या महासभेचे अध्यक्ष झाले, आणि पुढे पाचच वर्षांनी त्यांच्याच येरवड्याच्या प्रासादात ब्रिटिश सरकारने गांधीजींना स्थानबद्ध केले: अध्यक्षपदाचा तो बहुमान आणि प्रत्यक्ष सत्ता यांत किती अंतर होते, हे पुणेकरांना तरी निराळे सांगावयास नको.

सुरक्षा परिषदेत भारताला स्थायी जागा मिळावी या मागणीस जे लोक नव्या बलाढ्य राष्ट्राचा अहंकार म्हणून हिणवतात, त्यांनी हा इतिहास पाहावा. भारत त्या परिषदेवर आठ वेळा निवडून गेला, तरी प्रत्येक वेळी दोन वर्षांची मुदत संपताच त्याला उठावे लागले. वर्गणी सर्वांची आणि अखेरचा निर्णय मोजक्यांचा, हा राष्ट्रसंघाचा दोष नव्या संस्थेने नकाराधिकाराच्या रूपाने अधिकच पक्का केला. म्हणून आपली मागणी महत्त्वाकांक्षेची नसून जुन्या थकबाकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती मांडणाऱ्याजवळ कागद हवेत, आणि ते आहेत. रॉकफेलरच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या प्रासादातील ग्रंथालयाच्या ताब्यात राष्ट्रसंघाचे दफ्तर सुरक्षित असून त्यातील सुमारे दीड कोटी पृष्ठे आता संगणकावर कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या विद्यापीठांतील इतिहास विभागांनी दोन-चार तरी विद्यार्थी या कागदांवर बसवावेत, आणि वर्गणीपासून नेमणुकांपर्यंत भारताचा सारा हिशेब मराठीत प्रसिद्ध करावा.