स्ववृत्त : एक उपेक्षित गद्यप्रकार

चरित्र आणि आत्मचरित्र यांतील भेद विचारला, तर साहित्याचा विद्यार्थी चार पाने सहज लिहील. मात्र नोकरीच्या अर्जासोबत स्ववृत्त जोडायची वेळ आली, की तोच विद्यार्थी मित्राची फाइल मागून घेतो आणि नाव, जन्मतारीख, टक्केवारी बदलून मोकळा होतो. स्ववृत्त हे लेखन नसून भरायचा तक्ता आहे, असा समज यामागे आहे.

गोंधळाचे एक मूळ शब्दातच आहे. ‘बायोडाटा’ हा एकच शब्द आपण लग्नासाठीही वापरतो आणि नोकरीसाठीही. त्यामुळे वडिलांचा व्यवसाय, उंची, वैवाहिक स्थिती असे तपशील कारण नसताना नोकरीच्या कागदावर उतरतात, आणि तळाशी येते ‘छंद : वाचन’. मराठीत एम.ए. केलेल्याने वाचन हा छंद म्हणून नोंदवावा, यातली विसंगती कुणाला खटकत नाही. दोन वर्षे जे अभ्यास म्हणून केले, ते फावल्या वेळाच्या खात्यात जमा होते.

लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात क्रमांक घालून मांडलेले मुद्दे बहुतांशी युद्धोपयोगी आहेत : वाहून नेता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढणे, तोफा, भुयारे, झाकलेली वाहने. वास्तुरचना त्यानंतर येते, शिल्प व चित्रकला जवळजवळ शेवटी. शंका असल्यास प्रात्यक्षिक दाखवण्याची तयारीही तो कळवतो. चित्रकाराने चित्रकला इतकी मागे ढकलावी, ही लाचारी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. त्याने वाचक ओळखून क्रम लावला आहे. चित्रकला वगळलेली नाही.

आपल्या पदवीधरालाही हेच करता येईल. ‘मुद्रितशोधनाची आवड’ या शब्दांतून काही कळत नाही. ‘महाविद्यालयाच्या ९६ पानी वार्षिकाची मुद्रिते दोनदा तपासली’ यातून पुष्कळ कळते. ‘भाषांतर येते’ याऐवजी कोणत्या भाषेतून, किती पानांचे, कुठे छापले, हे सांगावे. प्रकाशनसंस्था, वृत्तपत्र आणि शाळा यांना पाठवायच्या स्ववृत्तांत तपशील तेच राहतील, क्रम बदलेल. नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. ‘मेहनती’, ‘उत्तम संवादकौशल्य’ ही विशेषणे गाळावीत. समीक्षेत ज्या ढोबळ विशेषणांना आपण हसतो, त्यांना येथे थारा का द्यावा? आणि मुद्रितशोधकाच्या जागेसाठी केलेल्या अर्जात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक राहिली, तर उरलेले पान कुणी वाचणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे : माणूस असा एका पानात मावतो का? विस्वावा शिंबोर्स्का यांची याच विषयावरील कविता १९८६ च्या संग्रहात आहे, आणि जगण्यातले जे या कागदावर येऊ शकत नाही, त्याची बोचरी जाणीव ती करून देते. आक्षेप खरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या कामाला गुणांकन लावल्यावर केवळ यादी लांबवण्यासाठी निबंध छापण्याची वृत्ती कशी बळावली, हे शिक्षकांना सांगायला नको. परंतु तो दोष मोजणीचा आहे. निवड तर प्रत्येक वाङ्मयप्रकार करतो. स्ववृत्त माणसाचे मोल ठरवत नाही. त्याने कोणते काम केले आणि पुढे कोणते करू शकेल, एवढेच ते सांगते. तेवढे मात्र त्याने खरे आणि नेमके सांगावे.

व्यावहारिक मराठीच्या तासाला स्ववृत्ताचा एक नमुना फळ्यावर उतरवून विषय संपतो. त्याऐवजी एकाच विद्यार्थ्याकडून दोन भिन्न वाचकांसाठी दोन खर्डे लिहून घ्यावेत आणि निबंधासारखेच ते वर्गात तपासावेत. खेड्यातून आलेल्या, घरातल्या पहिल्याच पदवीधर मुलीला हे कागद दाखवायला घरी कुणी नसते. तिच्यासाठी तो एक तास पुष्कळ मोलाचा ठरेल.