विश्लेषण : परदेशातील दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेत वर्षभर स्वयंसेवा... जाण्याआधी काय तपासाल?

पदवीनंतर वर्षभर परदेशात, दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेत स्वयंसेवक म्हणून राहण्याचा पर्याय भारतीय तरुणांनाही खुला आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळची ‘कॅम्पहिल’ शाळा हे त्याचे सर्वात जुन्या उदाहरणांपैकी एक. मात्र मुलांना अशा संस्थांत ठेवावे का, यावरच जगभर फेरविचार सुरू आहे.

निर्वासितांनी काढलेली शाळा

कार्ल कोनिग हे व्हिएन्नातील ज्यू कुटुंबातले बालरोगतज्ज्ञ. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातल्यावर त्यांना देश सोडावा लागला. तरुण सहकाऱ्यांसह ते स्कॉटलंडला पोहोचले. ‘कॅम्पहिल’ नावाची जागा मिळाली तोवर युद्ध सुरू झाले होते आणि ब्रिटनने गटातील पुरुषांना ‘शत्रू देशाचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध केले होते. त्यामुळे १ जून १९४० रोजी मुलांना घेऊन तिथे बिऱ्हाड हलवले ते महिलांनी. रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या या चळवळीच्या आज २० हून अधिक देशांत शंभरावर वसाहती आहेत.

स्वयंसेवक नेमके काय करतो?

तो मुलांच्याच घरात राहतो. सकाळी उठवणे, आंघोळ, जेवण भरवणे, वर्गात सोबत बसणे, बागकाम, रात्री झोपवणे. सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा अशी भिंत नको, हे मूळ तत्त्व. पगार नाही, राहणे, जेवण आणि थोडा हातखर्च मिळतो.

बहुतेक स्वयंसेवक साधारण वर्षासाठी येतात, आणि खरी अडचण इथेच आहे. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना दिनक्रमातला छोटा बदलही जड जातो. पाणी हवे असताना न बोलणारे मूल कोणती खूण करते, शर्टाची कोणती बाही आधी चढवायची, हे वहीत लिहून पुढच्याला देता येते. विश्वास मात्र आयटी प्रकल्पासारखा ‘हँडओव्हर’ होत नाही. त्यामुळे संस्थेत वर्षानुवर्षे टिकलेले कायम कर्मचारी किती, हा प्रश्न स्वयंसेवकाच्या उत्साहापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

आक्षेप कशाला?

दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१७ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली : मुलाच्या वाढीसाठी कुटुंबाला पर्याय नाही, छोटी समूहगृहेही नाहीत. भारतानेही २००७ मध्ये हा करार स्वीकारला आहे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथालयांतील स्वयंसेवा आणि पर्यटनामुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली. ‘लुमोस’ संस्थेच्या अंदाजानुसार जगभरातील संस्थांत सुमारे ५४ लाख मुले असून, त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांचे आई-वडिलांपैकी किमान एक जण हयात आहे. काही गरीब देशांत तर पाहुण्यांचा पैसा येत राहावा म्हणूनच मुले संस्थेत ठेवली जातात.

नियमांच्या चौकटीतल्या निवासी शाळेला आणि अशा दुकानदारीला एकाच तराजूत तोलणे योग्य नाही. ॲबर्डीनच्या शाळेत फक्त दिवसा येणारी मुलेही आहेत. पण घराजवळच पुरेशी मदत मिळाली असती तर निवासी मुलांपैकी किती जण घरी राहू शकली असती, हा प्रश्न तिथेही टळत नाही.

भारतीयांसाठी वाट कोणती?

पूर्वी जर्मनीसह युरोपातील तरुण इथे व्हिसाविना येत. ब्रेग्झिटनंतर त्यांनाही भारतीयांप्रमाणे ‘चॅरिटी वर्कर’ व्हिसा लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचे प्रायोजकत्व हवे. मुदत जास्तीत जास्त १२ महिने आणि काम विनावेतन. स्कॉटलंडमध्ये मुलांसोबत अशा भूमिकेत काम करणाऱ्याची ‘पीव्हीजी’ ही पार्श्वभूमी तपासणी एप्रिल २०२५ पासून कायद्याने बंधनकारक आहे. जर्मनीतही २७ वर्षांखालील तरुणांसाठी ‘स्वयंसेवी सामाजिक वर्ष’ योजना आहे. तिथे हातखर्चासोबत सामाजिक विमाही मिळतो.

निवड करताना पैसा कोणत्या दिशेने जातो ते आधी पाहावे. व्हिसा आणि विमानाचा खर्च वेगळा. पण दोन आठवडे मुलांसोबत घालवण्यासाठी कोणी शुल्क मागत असेल आणि पोलीस पडताळणीचा दाखला मागत नसेल, तर तिथे अर्जच करू नये.